उबीनची सहल, विशाळगडची तोफ आणि अर्ध्या वॅटचा संच

चांगी पॉइंटच्या धक्क्यावर बारा उतारू जमले की होडी सुटते आणि दहा-पंधरा मिनिटांत आपण पुलाउ उबीनला पोचतो. आपल्यापैकी बहुतेकांनी ही सफर एकदा तरी केली असेल. बेट जेमतेम १० चौरस किलोमीटरचे, पण भाड्याच्या सायकलींवर निघालेली वीस माणसे तासाभरात चार टोळ्यांत पांगतात आणि "बाकीचे कुठे राहिले?" ही चौकशी सुरू होते. उत्तर किनाऱ्यावर मोबाइल सिंगापूर सोडून समोरच्या जोहोरचे जाळे पकडतो. म्हणून दर सहलीआधी कोणीतरी विचारतेच, "एखादा स्वस्तातला वॉकी-टॉकी घेऊन ठेवावा का? कोणता घ्यावा?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर बाजारात मिळते. उरलेले अर्धे इतिहासात आहे, आणि त्यातला एक प्रसंग याच बेटावरचा आहे.

७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री जपानी इंपीरियल गार्ड्सचे सुमारे ४०० सैनिक उबीनवर उतरले. ती हूल होती. हल्ला ईशान्येकडून येणार असा ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल यांचा अंदाज होता. या हालचालीने त्याला पुष्टीच मिळाली. खरा हल्ला ८ तारखेच्या रात्री वायव्य किनाऱ्यावर झाला. तिथे ऑस्ट्रेलियाच्या २२ व्या ब्रिगेडची पथके खारफुटीत विखुरलेली होती आणि त्यांचा संपर्क मुख्यतः टेलिफोनच्या तारांवर अवलंबून होता. दिवसभराच्या तोफमाऱ्यात त्या तारा तुटल्या. तोफखान्याची मदत मागण्यासाठी आकाशात प्रकाशबाण सोडायचे असे ठरले होते. पण झाडीमुळे ते मागच्यांना वेळेवर दिसले नाहीत. किनाऱ्यावरचे प्रकाशझोतही लागले नाहीत. तोफा बोलू लागेपर्यंत जपान्यांच्या पहिल्या तुकड्यांनी पाय रोवले होते. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. पराभवाची कारणे अनेक होती, पण त्या रात्री पुढच्यांची हाक मागच्यांपर्यंत पोचली नाही, हे त्यांतले एक.

याच्या शेजारी आपल्या ओळखीचा एक प्रसंग ठेवून पाहा. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. महाराज गडावर पोचले की तोफा डागायच्या आणि तोवर बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरायची, असे परंपरा सांगते. निरोप एकच, तोही एकाच दिशेने जाणारा. पण त्याचा अर्थ आधी ठरलेला होता, आणि डोंगर-पावसातूनही तो ऐकू येईल असे साधन निवडलेले होते. १९४२ साली संकेत ठरला होता. साधन मात्र त्या झाडीला साजेसे नव्हते.

गंमत अशी, की झाडीला साजेसे साधन तोवर जन्माला आले होते, आणि तेही रणांगणासाठी नव्हे. १९३७ साली कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनी रानावनांत विमाने नेणाऱ्या वैमानिकांसाठी हाती वागवता येईल असा दुहेरी रेडिओ बनवला. पुढे युद्धाने तो उचलला. १९४३ पासून अमेरिकन सैनिकांच्या पाठीवर दिसणारा मोटोरोलाचा संच १८ व्हॉल्व्हचा, सुमारे १५ किलोंचा आणि ४-५ किलोमीटर पल्ल्याचा होता. आज तेच काम तळहाताएवढा संच करतो.

आता निवडीकडे वळू. सिंगापुरात ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले अर्ध्या वॅटचे संच व्यक्तिगत परवान्याशिवाय वापरता येतात. भारतातही २०१८ च्या नियमांनी हा पट्टा खुला झाला, त्यामुळे तोच संच सह्याद्रीतल्या भटकंतीलाही चालेल. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेला संच मात्र ४६२-४६७ मेगाहर्ट्झवर चालतो. त्या पट्ट्याला इथे ही सूट नाही. पाच वॅटच्या संचाचा मोहही नको. त्याला परवाना लागतो, आणि फायदाही वाटतो तेवढा नाही. जमिनीलगत, झाडांतून जाणारी लहर इतक्या झपाट्याने क्षीण होते, की शक्ती दसपट केली तरी पल्ला दुप्पटही होत नाही. ओली पाने ती लहर शोषून घेतात. वेष्टनावर लिहिलेले आठ-दहा किलोमीटर हे मोकळ्या पाण्यावरचे. उबीनच्या रानात एक किलोमीटर मिळाला तरी पुष्कळ. पल्ला वाढवायचा तर उंचावर जाऊन बोलावे आणि संच कमरेला न ठेवता तोंडासमोर उभा धरावा. पावसाचे शिंतोडे सोसणारा, साध्या पेन्सिल सेलवरही चालणारा आणि हातमोज्यातूनही दाबता येईल अशा बटणाचा संच पुरे.

एवढे सगळे जाणूनही आमची फजिती झाली. दोन कुटुंबे, दोन संच, वाहिनी एकच. पण आमच्या संचावर नको असलेले आवाज गाळणारा सांकेतिक सूर चालू राहिला होता आणि त्यांच्या संचावर बंद. परिणामी त्यांना आमचे ऐकू येई, पण त्यांचे उत्तर आमच्या संचाच्या गाळणीत अडके. पाऊस कोसळत होता, माझी दहा वर्षांची मुलगी त्यांच्याबरोबर होती आणि मी पाऊण तास एकटाच ओरडत होतो. शेवटी सगळे धक्क्यावर भेटले. संचांत काही बिघाड नव्हता. आम्ही घरातून निघण्यापूर्वी एकदा बोलून पाहिले नव्हते, एवढेच.

तेव्हापासून आमचा नेम ठरला आहे. होडीत बसण्याआधी प्रत्येक संचावरून बोलायचे आणि उत्तर ऐकायचे. दर अर्ध्या तासाने हाक द्यायची. दोन हाकांना उत्तर आले नाही, तर सर्वांनी धक्क्यावर परतायचे. हा शेवटचा नियम संच बंद पडला तरी चालतो, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. खिंडीतल्या माणसांना तोफेचा अर्थ तोफ उडण्याआधीच ठाऊक होता. वॉकी-टॉकी कोणताही घ्या, मंडळी. हे ठरवणे मात्र घरीच उरकून निघा.