आनंदीबाईंची शेगडी

मुलीकडे न्यू जर्सीला जाताना नागपूरहून पुरणयंत्र नि सरगुंडे बांधून नेले. मुलगी हसली. एडिसनच्या ओक ट्री रोडवर तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. (पुरणयंत्र मात्र ठेवून घेतलं!)

तिथून गाडीने अर्ध्या तासावर रोझेल. १८८३ साली आनंदीबाई जोशी कार्पेंटरबाईंकडे उतरल्या, तेच गाव. निघण्यापूर्वी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात त्या जाहीर बोलल्या होत्या, हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन. म्हणजे शाकाहार आलाच. मग फिलाडेल्फियात वैद्यकीचा अभ्यास, कडाक्याची थंडी, धूर ओकणारी शेगडी, आणि स्वतःचं स्वतः रांधायचं. वय अठरा.

वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलो : १८८६ साली एम.डी., १८८७ साली क्षयाने मृत्यू, परदेशची हवा मानवली नाही. सगळं हवेवर ढकलून मोकळा व्हायचो. त्या तिथे रोज जेवत काय असतील, हे एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही. मलाही कधी सुचलं नाही.

दुकानात डाळ निवडताना सौ.ला हे बोललो. ती म्हणाली, "मुलींनी विचारलं असतं. तुमची शाळा मुलांची."