निसणा
निसणा : चाकू, विळा, कोयता, वस्तरा इ. हत्यारांची बोथट झालेली कड घासून ती पुन्हा तीक्ष्ण करण्याचा दगड. संस्कृतमध्ये यास शाण म्हणतात. मराठीत सहाण हा शब्दही या अर्थी वापरला जातो. निसण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत : एक जागी बसविलेला दगड वा फिरते चाक आणि दुसरा हातात धरता येईल व जवळ बाळगता येईल असा लहान दगड. शिकारी, मेंढपाळ, गवत कापणारे, खलाशी व सैनिक यांना कामाच्या जागीच हत्याराला धार लावावी लागे. त्यामुळे दुसऱ्या प्रकाराचा इतिहास प्रवासाच्या व व्यापाराच्या इतिहासाशी निगडित आहे.

कार्यपद्धती : निसण्यातील कण पोलादाहून कठीण असावे लागतात. मोस मापक्रमानुसार क्वार्ट्झची कठिनता 7, कुरुंदाची 9 व हिऱ्याची 10 आहे. मात्र केवळ कठिनता पुरेशी नसते. कण बारीक व सारख्या आकारमानाचे असणे, तसेच झिजलेले कण सुटून खालचे नवे कण उघडे पडणे हेही आवश्यक असते. वालुकाश्म, सुभाजा (शिस्ट) व पाटीचा दगड यांच्या काही मोजक्या थरांतच हे गुण एकत्र आढळतात. घासताना दगडावर पाणी किंवा तेल घालतात, ते धातूचा कीस वाहून जावा व दगडाची छिद्रे बुजू नयेत यासाठी.

प्राचीन काळ : नवाश्मयुगात दगडी कुऱ्हाडी खडकावर घासून गुळगुळीत करीत. कर्नाटकात बळ्ळारीजवळील संगनकल्लू येथे डोलेराइटाच्या कुऱ्हाडी घासल्याने खडकात पडलेले खळगे अद्याप दिसतात. असे खळगे जागचे हलविता येत नाहीत. तेथे हत्यारच दगडाकडे न्यावे लागे. धातूच्या पात्याची धार मात्र वापराबरोबर सतत मंदावते व वरचेवर लावावी लागते. यूरोपातील कांस्ययुगीन दफनांत एका टोकाला भोक पाडलेले, दोरीने अडकविता येण्याजोगे निसणे सापडले आहेत. याचा अर्थ, दगड आता माणसाबरोबर फिरू लागला होता.

रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. 79) याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात निसण्यांचे वर्गीकरण केले आहे. क्रीट व लॅकोनिया येथील दगड तेलाबरोबर, तर नॅक्सॉस बेटावरील दगड पाण्याबरोबर वापरावेत, असे तो सांगतो. न्हाव्यांच्या दुकानांत केवळ थुंकी लावून वापरण्याच्या मऊ दगडांचाही तो स्वतंत्र वर्ग मानतो. म्हणजे कोणता दगड कोणत्या कामाला व कोणत्या द्रवाबरोबर घ्यावा, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही ग्राहकापुढे होता.

उत्तर यूरोपातील व्यापार : नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतात ऐड्सबोर्ग येथे बारीक कणांची, फिकट करड्या रंगाची सुभाजा मिळते. व्हायकिंग काळापासून तिचे निसणे समुद्रमार्गे दूरवर जात. इंग्‍लंडातील यॉर्क व जटलंडच्या पायथ्याचे हेडेबी येथील उत्खननांत ते सापडले आहेत. नॉर्वेच्या किनाऱ्यावर बुडालेल्या क्लोस्टाड जहाजात अशा निसण्यांचा माल होता. जहाजाच्या लाकडातील वार्षिक वलयांवरून त्याची बांधणी दहाव्या शतकाच्या अखेरीस झाल्याचे दिसते. आइसलँडचा ग्रंथकार स्नॉरी स्टुर्लुसॉन (1179–1241) याने सांगितलेल्या एका कथेत ओडिन हा देव कमरेचा निसणा काढून नऊ मजुरांच्या विळ्यांना धार लावतो. धार इतकी उत्तम लागते, की तो दगड मिळविण्याच्या धडपडीत मजूर एकमेकांचे गळे कापतात. कमरेला निसणा बाळगण्याची रीत व चांगल्या निसण्याचे मोल या दोन्ही गोष्टी या कथेतून स्पष्ट होतात.

या क्षुल्लक वस्तूने इतिहासलेखनातील एका मोठ्या प्रश्नालाही नवे वळण दिले आहे. व्हायकिंग काळाचा आरंभ इ. स. 793 मधील लिंडिसफार्न मठावरील हल्ल्यापासून मानण्याचा प्रघात आहे. तथापि डेन्मार्कमधील रीबे या बाजारपेठेच्या आठव्या शतकाच्या आरंभीच्या थरांत सापडलेल्या निसण्यांचा दगड मध्य नॉर्वेतील मोस्टाडमार्का येथील खाणींचा असल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. हे अंतर समुद्रमार्गे हजार किलोमीटरांहून अधिक आहे. त्यावरून लुटीच्या मोहिमांपूर्वी कित्येक दशके नियमित व्यापारी वाहतूक चालू होती, असे अनुमान निघते. लाकूड कुजते, लोखंड गंजते व चांदी वितळविली जाते. दगड मात्र आपल्या खाणीची खूण कायम राखतो.

भारत : कुरुंद हे खनिज भारतात प्राचीन काळापासून ज्ञात असून त्याचे इंग्रजी नाव भारतीय भाषांतील शब्दावरूनच आले आहे. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून केलेली चाके जडजवाहिराचे कारागीर व शिकलगार वापरीत. महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणाऱ्या काळ्या कातळातील मुख्य खनिजे क्वार्ट्झपेक्षा मऊ आहेत. त्यावर विळा-कोयता घासता येतो. पण कठीण पोलादाला बारीक धार आणण्यास तो फारसा उपयोगी नाही. साहजिकच शिकलगाराच्या चाकाला महत्त्व आले.

कृत्रिम निसणे : 1891 मध्ये एडवर्ड गुडरिच ॲचिसन यांनी अमेरिकेत विद्युत् भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले, ते कार्बोरंडम या नावाने बाजारात आले. त्यानंतर कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइडही उपलब्ध झाले. त्यामुळे हव्या त्या जाडीच्या कणांचे एकसारखे निसणे बनविता येऊ लागले व नैसर्गिक दगडांच्या खाणींचे महत्त्व ओसरले. 1950 नंतरच्या दशकात कृत्रिम हिरे तयार होऊ लागल्यावर पुढे पोलादी पट्टीवर हिऱ्याचे कण बसविलेले निसणेही प्रचारात आले.

निवड : रानावनात वापरावयाच्या चाकूसाठी निसणा निवडताना वजन, ठिसूळपणा व द्रवाची गरज या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. अमेरिकेतील आर्कन्सॉचा नोव्हॅक्युलाइट हा घट्ट दगड बारीक, टिकाऊ धार देतो. पण तो सावकाश काम करतो व पडल्यास फुटतो. पाण्याबरोबर वापरावयाचा मऊ दगड लवकर धार आणतो. मात्र तोही लवकर झिजतो व मध्ये खोलगट होतो. हिऱ्याची पट्टी हलकी व सपाट राहणारी असून कोरडीही वापरता येते. नवी असताना तिचे ओरखडे खोल पडतात. एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस बारीक कण असलेला, तळहाताएवढा निसणा बहुतेक कामांस पुरतो. जाड कणांनी कडेला आकार द्यावा व बारीक कणांनी तिच्यावर उमटलेली धातूची सूक्ष्म दुमड काढावी. दगड कोणताही असला, तरी पाते प्रत्येक बाजूस एकाच कोनात, साधारणपणे 20 अंशांत, स्थिर धरले नाही तर उत्तम निसणाही व्यर्थ ठरतो.