‘कुणाकडून लिहून आणलंस?’

सातवीत असताना मी एक निबंध लिहिला होता. विषय नेहमीचाच, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. आमच्या घरात दखनी बोलली जायची आणि अंगण ओलांडलं की मराठी. पाऊस दोन्ही भाषांत सारखाच भिजवायचा, त्यामुळे लिहिताना मला काही अडचण आली नाही. गुरुजींनी वही वाचली, मग वहीवरचं माझं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि विचारलं, ‘‘कुणाकडून लिहून आणलंस?’’ मी म्हणालो, ‘‘मीच लिहिलाय, गुरुजी.’’ ते हसले. त्या हसण्यात राग नव्हता, द्वेष तर मुळीच नव्हता. त्यांचा विश्वास बसत नव्हता, एवढंच. हेच गुरुजी एका वर्षी माझ्या थोरल्या भावाची फी स्वतःच्या खिशातून भरून मोकळे झाले होते. म्हणून तो प्रश्न मनात राहून गेला. इतक्या भल्या माणसाला असं का वाटावं?

मी काही मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. पण या प्रश्नाचा माग काढत वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की शंभराहून अधिक वर्षं संशोधक याच वाटेवर फिरत आहेत. मानसशास्त्रातून निघालेली ही वाट शाळेत गेली, कचेरीत गेली, सैन्यात गेली. आणि तिची सुरुवात होते एका घोड्यापासून.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे गणिताचे निवृत्त शिक्षक राहत होते. त्यांच्या घोड्याचं नाव हान्स. हान्सला बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, तारीख विचारा. तो खूर आपटून उत्तर द्यायचा. 1904 मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं त्याला तपासलं. कुठलीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण संशोधकानं चिकाटीनं प्रयोग केले आणि 1907 मध्ये त्याबद्दल पुस्तक लिहिलं. त्याच्या लक्षात आलं, की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही ते येत नाही. विचारणारा दिसत नसेल तरीही येत नाही. खुराचे ठोके बरोबर उत्तरापाशी पोचले, की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर उचललं जाई. हान्स तेवढंच पाहून थांबायचा. त्याला गणित येत नव्हतं, त्याला माणसं वाचता येत होती. आणि आपण त्याला काही सांगतो आहोत, याचा माणसांना पत्ताच नव्हता.

1948 मध्ये रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला. स्वतःला खरं करून घेणाऱ्या भाकिताबद्दलचा. चांगली चाललेली बँक बुडणार अशी अफवा उठते, ठेवीदार रांगा लावून पैसे काढतात आणि बँक खरोखरच बुडते. अफवा खोटी होती, लोकांनी ती खरी केली. पण मर्टनला बँकेपेक्षा माणसांबद्दल बोलायचं होतं. अमेरिकेतल्या गोऱ्या कामगारांच्या संघटना काळ्या कामगारांना सभासद करून घेत नसत. म्हणत, हे लोक संप फोडतात. संघटनेबाहेर राहिलेल्या बेकार माणसाला संपाच्या काळातच काम मिळे, म्हणून तो ते घेई. की लगेच, ‘‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो!’’

या विचाराला प्रयोगशाळेत नेलं रॉबर्ट रोझेन्थाल यांनी. जर्मनीतल्या गीसेन गावी 1933 साली ज्यू कुटुंबात जन्मलेले रोझेन्थाल लहानपणीच नाझींच्या छळामुळे देश सोडून गेले आणि पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ झाले. 2024 मध्ये ते वारले. 1963 मध्ये त्यांनी आणि कर्मिट फोड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 12 विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच पांढरे उंदीर दिले आणि त्यांना भूलभुलैयातून वाट काढायला शिकवा, असं सांगितलं. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगितलं, हे हुशार वाणाचे उंदीर आहेत. निम्म्यांना सांगितलं, हे मठ्ठ वाणाचे. प्रत्यक्षात सगळे एकाच वाणाचे होते. तरी ‘हुशार’ उंदीर खरोखरच चांगले शिकले. ते ज्यांच्याकडे होते त्यांनी त्यांना अधिक वेळा आणि अधिक मायेनं हाताळलं होतं.

रोझेन्थाल यांचा एक लेख वाचून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी त्यांना पत्र लिहिलं. उंदरांवरून कधी मुलांकडे वळलात तर कळवा, अशा अर्थाचं. त्यातून 1964-65 चा तो गाजलेला प्रयोग उभा राहिला. पहिली ते सहावीच्या 18 वर्गांतल्या मुलांची एक साधी बुद्धिमापन चाचणी घेतली. शिक्षकांना मात्र सांगितलं, की कोणती मुलं येत्या वर्षात एकदम फुलणार आहेत ते ही चाचणी सांगते. मग प्रत्येक शिक्षकाच्या हाती काही नावं दिली, साधारण पाच मुलांमागे एक. ती नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काढली होती. वर्षअखेरीस पुन्हा चाचणी झाली तेव्हा पहिलीतल्या इतर मुलांच्या बुद्ध्यांकात सरासरी 12 गुणांची वाढ दिसली, यादीतल्या मुलांच्या मात्र 27 गुणांची. दुसरीत 7 आणि 16. वरच्या चार वर्गांत सांगण्यासारखा फरक नव्हता.

1968 मध्ये यावर पुस्तक आलं, त्याच्या नावात ‘पिग्मॅलियन’ होतं. पिग्मॅलियन म्हणजे स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडलेला, ग्रीक पुराणकथेतला शिल्पकार. बर्नार्ड शॉनं त्याच नावाचं नाटक लिहिलं. आपल्याला ते जवळचं वाटतं ते पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे. 1975 मध्ये भक्ती बर्वे यांची मंजुळा रंगभूमीवर आली. फुलं विकणाऱ्या पोरीचं काय होईल, हे तिच्याशी लोक कसे वागतात यावर किती अवलंबून असतं, ते मराठी प्रेक्षकानं त्या नाटकात हसत हसत पाहिलं.

पण मला त्या प्रयोगातली एक वेगळी गोष्ट चटका लावून गेली. यादीत नसलेली काही मुलंही त्या वर्षात पुढे गेली होती. शिक्षकांना त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. झालं उलटंच. ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशी मुलं जितकी पुढे गेली तितकी ती शिक्षकांच्या नजरेतून उतरल्यासारखी झाली. ‘ढ’ तुकडीतल्या मुलांबाबत तर हे जास्तच. हे वाचलं आणि माझी सातवीची वही डोळ्यांसमोर आली. गुरुजींचा प्रश्न तिथे मला पहिल्यांदा नीट समजला.

हे संशोधन जसंच्या तसं मान्य झालं असं मात्र नाही. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी लगेच दाखवून दिलं, की चाचणीतले काही आकडे विश्वास बसणार नाही इतके कमी आहेत. वाद वर्षानुवर्षं चालला. 1984 मध्ये स्टीफन रॉडनबुश यांनी अशा 18 प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले आणि गुंता बराच सुटला. यादी हाती येण्यापूर्वी शिक्षक मुलांना दोन आठवडे किंवा त्याहून कमी ओळखत असतील, तर यादीचा परिणाम दिसत होता. त्याहून जुनी ओळख असेल, तर तो जवळजवळ नाहीसा होत होता. जिथे ओळख होती, तिथे बाहेरून आलेली चिठ्ठी फिकी पडत होती. 2005 मध्ये ली जुसिम आणि केंट हार्बर यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला. शिक्षकांच्या अपेक्षांचा परिणाम एरवी लहानच असतो, पण ज्या समाजांवर आधीच शिक्का बसलेला आहे त्यांच्या मुलांवर तो मोठा असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मग अपेक्षा मुलापर्यंत पोचते तरी कशी? मेरी बड रो या संशोधिकेनं 1974 मध्ये वर्गातल्या शांततेचा हिशेब मांडला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी साधारण एक सेकंद थांबतात आणि ज्यांना ते कच्चे समजतात त्यांच्यासाठी त्याहूनही कमी. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलं लांब उत्तरं देतात, स्वतःहून बोलू लागतात. रेडिओवर तीन सेकंद शांतता झाली तर श्रोत्यांना वाटतं, केंद्र बंद पडलं. वर्गात तेवढ्या वेळात एखाद्या मुलाचं तोंड उघडतं.

कचेऱ्यांनीही हा धडा उचलला. 1969 मध्ये स्टर्लिंग लिव्हिंग्स्टन यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त एका विमा कंपनीच्या शाखेची हकिकत लिहिली. तिथे एजंटांचे उत्तम, मध्यम आणि कमकुवत असे गट केले होते. उत्तमांचा धंदा वाढला, कमकुवतांचा घसरला. घोळ केला मधल्या गटानं. आपण ‘मध्यम’ आहोत हे त्यांच्या प्रमुखानं मानायलाच नकार दिला, आणि टक्केवारीत त्या गटाची वाढ सर्वांत जास्त झाली. 1982 मध्ये डोव्ह एडन आणि अब्राहम शनी यांनी इस्रायली सैन्याच्या प्रशिक्षणात 105 जणांवर असाच प्रयोग केला. ‘होतकरू’ म्हणून सांगितलेले सरस ठरले. पण पुढे एडन यांनीच वरिष्ठांना अपेक्षा उंचावायला शिकवणाऱ्या कार्यशाळा तपासल्या, तर त्यांचा परिणाम फारच थोडा निघाला. कार्यशाळा घेऊन नजर बदलणं एवढं सोपं नसावं.

हे सगळं मनाचे खेळ आहेत असं म्हणून झटकताही येत नाही. 1978 मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषध समजून दिलेल्या बिनऔषधी द्रवानं काहींचं दुखणं कमी झालं. मग त्यांना नॅलोक्झोन दिलं. शरीर स्वतःच तयार करतं त्या अफूसारख्या वेदनाशामकांना हे औषध अडवतं. दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे त्या आरामामागे मेंदूतलं खरं रसायन होतं. हा प्रयोग वर्गातला नव्हे हे खरं. पण अपेक्षेला शरीरात जागा असते, एवढं त्यानं दाखवलं.

आपल्या देशातलाही एक पुरावा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. 321 मुलं वरच्या मानलेल्या जातींची, 321 खालच्या मानलेल्या. जातीचा उल्लेख झाला नाही तेव्हा दोघांत फरक नव्हता. प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. 2004 मध्ये जागतिक बँकेनं हा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं तीच, कोडीही तीच. मध्ये फक्त एक हजेरी झाली होती.

आता माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या काव्यस्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीनं फार सुंदर कविता वाचली. बक्षीस देताना माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘छान! कुणी मदत केली का गं?’’ ती काही बोलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. ते खाली पाहणं मला पाठ होतं. बक्षिसाचं पाकीट माझ्या हातातच राहिलं होतं. मी तिची माफी मागितली आणि तीच कविता पुन्हा वाचायला सांगितली. तिनं वाचली, पण पहिल्यापेक्षा हळू आवाजात.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील. नवे वर्ग, नवी हजेरी, नवी आडनावं. शिक्षक मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे, की पहिले दोन आठवडे सांभाळा. मुलाच्या आधी त्याच्याविषयीची माहिती तुमच्यापर्यंत पोचलेली असेल. ती बाजूला ठेवा, त्याला प्रश्न विचारा आणि थोडं थांबा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)