यंत्र चालू, खेळ बंद

शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या शाळेतला जुना संगणक सुरू करून पाहा. त्यातला पत्त्यांचा खेळ चालेल, पण इंटरनेटवरचा खेळ उघडणार नाही. यंत्र बिघडलेले नाही, मग असे का होते?

१९९३ साली आलेला ‘डूम’ हा खेळ फ्लॉपीवरून संगणकात उतरवला की काम भागे. लागणारे सारे त्या यंत्रातच असे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. २००३ साली व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम’ ही सेवा सुरू केली आणि खेळ दूरच्या सर्व्हरशी जोडला गेला.

‘विंडोज एक्सपी’ २००१ सालची. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी तिची देखभाल थांबवली. सुरक्षेतील नव्या त्रुटी बुजवणे बंद झाले. १ जानेवारी २०१९ पासून स्टीमनेही तिची साथ सोडली. स्टीममध्ये क्रोम ब्राउझरचा भाग बसवलेला असतो आणि तो जुन्या विंडोजवर चालेनासा झाला होता. एक कडी निखळली आणि पैसे देऊन घेतलेले खेळही अडले.

‘डूम’ची मूळ आज्ञावली मात्र १९९७ साली खुली झाली. त्यामुळे हौशी मंडळींनी तो खेळ असंख्य नव्या-जुन्या यंत्रांवर चालवला.

म्हणजे यंत्राचे आयुष्य केवळ त्याच्या सुट्या भागांवर ठरत नाही. आज्ञावली कोणाच्या हाती आहे, यावरही ठरते. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी विद्यार्थ्यांसह इंटरनेटची तार काढा आणि काय काय चालते, याची यादी करा. तेवढेच खरे आपले!