भरूचचे ब्रोच, सुरतेची सूरत

दोन भाषांच्या शिवेवर नांदणाऱ्या घरांना अलीकडे एक नवीच करमणूक लाभली आहे. हातातला फोन आपले शब्द आपल्याला न विचारता ‘सुधारतो’. सुरतेला पाहुणा आलेल्या आमच्या एका भाच्याने घरी कळवले, ‘उद्या सुरत बघायची आहे.’ फोनमध्ये हिंदीचा शब्दसंग्रह होता. त्याने ‘सुरत’ची ‘सूरत’ केली. हिंदीत सूरत म्हणजे चेहराही. मावशीने लगेच विचारले, ‘मुलगी कुठली?’ दोन दिवस घरात हशा चालला होता.

यामागचे गणित साधे आहे. 1964 साली फ्रेडरिक डॅमेराऊ या संशोधकाने दाखवून दिले की, लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका चारच जातींच्या असतात : एखादे अक्षर गळते, एखादे जास्त पडते, एकाच्या जागी दुसरे येते, किंवा शेजारची दोन अक्षरे जागा बदलतात. यंत्र आपला शब्द यादीत शोधते. सापडला नाही तर त्याच्या जवळचा शब्द पुढे करते. अर्थाशी त्याला फारसे कर्तव्य नसते. ‘को-ऑपरेशन’ हा इंग्रजी शब्द काही जुन्या संगणकांच्या यादीत मधल्या रेघेसहच होता. रेघेविना लिहिला की त्याचे ‘क्युपर्टिनो’ होई. हे कॅलिफोर्नियातल्या एका गावाचे नाव! सहकार्याच्या जागी हे गाव युरोपीय संघाच्या आणि नाटोच्या कागदपत्रांतही जाऊन बसले.

पण वाचकहो, अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाच्या साच्यात कोंबण्याची ही खोड यंत्राची नव्हे, माणसाचीच आहे; आणि तिचे जुने दाखले सुरतेच्या परिसरातच सापडतात. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी सुरतेत वखार घातली. 1612 मध्ये ज्या सुवाळीच्या किनाऱ्यावर त्यांची पोर्तुगिजांशी लढाई झाली, ती त्यांच्या दप्तरात ‘स्वाली’ झाली. 1664 मध्ये ज्यांच्या स्वारीने वखारवाल्यांची झोप उडवली, ते शिवाजी महाराज त्यांच्या पत्रांत ‘सेवाजी’ झाले. भरूचचे तर ‘ब्रोच’ झाले. हा इंग्रजीतला तयार शब्द. अर्थ, पिंपाला भोक पाडणे! मोहरममधल्या ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ केले, आणि 1886 साली निघालेल्या एका प्रसिद्ध कोशाला तेच नाव मिळाले.

त्याच वर्षी सुरतेचा सुपुत्र नर्मद वारला. त्याने एकट्याच्या जिद्दीवर गुजराती शब्दकोश रचला. तो ‘नर्मकोश’ 1873 मध्ये पुरा प्रसिद्ध झाला. पुढे 1929 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने गुजरात विद्यापीठाचा ‘जोडणीकोश’ आला आणि गुजराती लेखनाला शिस्त लागली. त्या शिस्तीप्रमाणे नर्मद हा ‘कवि’, ऱ्हस्व. आपल्याकडे 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अशा शब्दांचे शेवटचे अक्षर दीर्घ केले. म्हणून मराठीत नर्मद ‘कवी’. दोन्ही बरोबर! दुभाषी घरातले पोर शाळेत एक शिकते, आजीच्या पत्रात दुसरे वाचते. हा फरक समजावणारे कोणी घरात असले, तर त्यातून भाषेची गोडीच लागते.

इथेच हसू थोडे आवरावे लागते. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. पण खानदेशातून येऊन उधना-लिंबायतकडे स्थिरावलेल्या घरांतली कितीतरी मुले गुजराती, हिंदी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. त्यांचे मराठी लेखन फोनवरच होते. तिथे यंत्राने ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘कवी’चे ‘कवि’ केले, तर चूक कोणती आणि दुरुस्ती कोणती, हे त्या पोराला सांगणार कोण? मावशीला निदान विचारता तरी आले.

उपाय फार अवघड नाही. फोनमध्ये मराठीचा स्वतंत्र कळफलक घ्यावा, घरातली नावे, आडनावे आणि अहिराणी शब्दही त्याच्या यादीत घालावेत, आणि त्याने बदललेला शब्द कंटाळा न करता पुन्हा आपल्यासारखा लिहावा. कारण ही यंत्रे आपल्या लिहिण्यातूनच शिकतात.

वखारवाल्यांच्या कागदांवर ‘ब्रोच’ पिढ्यान्‌पिढ्या टिकला. नर्मदेकाठची माणसे मात्र भरूचच म्हणत राहिली. शेवटी कागदालाच भरूचपाशी परत यावे लागले.