अरुंद रुळांची रंगभूमि

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ १८६० सालीं सोलापुरास पोंचले. परंतु कापसाची व गळिताच्या धान्यांची मोठी पेठ जी बार्शी, ती बाजूलाच राहिली. कुर्डुवाडीच्या स्टेशनास ‘बार्शी रोड’ हें नांव मिळालें, पण त्या नांवापासून बार्शी गांव एकवीस मैल दूर होतें. हें अंतर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें १८९७ सालीं तोडलें. दर आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये अशा बेतानें त्यानें इंजिनें व डबे घडविले. त्यामुळें अडीच फूट अंतराचे हलके रूळ पुरेसे झाले. ही बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्यें पंढरपूरला, १९११ मध्यें लातूरला आणि १९२७ मध्यें मिरजेला जाऊन भिडली. १९५४ सालीं ती सरकारी मालकीची झाली.

त्याच काळांत मराठी रंगभूमीही गांवोगांव फिरत होती. १८८० सालीं किर्लोस्करांनीं संगीत नाटकाचा पाया घातला. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली. अशा मंडळ्यांबरोबर पडदे, कपडेपट, वाद्यें आणि मोठा परिवार असे. हा संसार हलवावयाचा तर मोठी रेल्वे हवी, आणि मुक्कामाला थिएटर असलेलें शहर हवें. ही रुंद रुळांची रंगभूमि म्हणावी.

अरुंद रुळांच्या मुलुखांतील रंगभूमि निराळी होती. तिचें सामान थोडें: ढोलकी, तुणतुणें, मंजिरी आणि खणखणीत गळा. तिचें वेळापत्रक जत्रांनीं ठरविलेलें, आणि तिचें थिएटर म्हणजे गांवचें मोकळें मैदान. पंढरीच्या वाटेवर भारूड उभें राहण्यास चार माणसें भोंवती जमलीं तरी पुरत. पुढें तमाशाची सम्राज्ञी म्हणून गाजलेल्या विठाबाई नारायणगांवकर १९३५ सालीं पंढरपुरांतच जन्मल्या. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावरील मोडनिंब हें गांव आजही लावणीच्या कलाकेंद्रांसाठीं ओळखलें जातें.

शाहीर अमर शेख यांचा जन्मही बार्शीचाच, १९१६ सालचा. गिरणीची मजुरी आणि मोटारीवरची चाकरी त्यांनीं अंगावर काढली होती. अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनीं मुंबईंत लाल बावटा कलापथक गाजविलें. तमाशाचा घाट तोच राहिला, मात्र गण-गौळणीच्या जागीं कामगाराचें दुःख बोलूं लागलें. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत हाच आवाज मैदानें भरून टाकीत असे. त्याला पडद्याची गरज नव्हती; समोर माणसें हवीं होतीं.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अरुंद मार्ग टप्प्याटप्प्यानें बंद झाला आणि रुंद रूळ आले. नवा मार्ग उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, जोडला गेला. जुना मार्ग सुटला तेथील स्टेशनें गाडीविना उरलीं. सोय वाढली हें खरें. पण एका शतकाचें येणें-जाणें ज्या फलाटांनीं पाहिलें, त्यांची आठवण कोणी ठेवावयाची?

इंग्लंडांत आर्नोल्ड रिडली हा नट मँगॉट्सफील्ड नांवाच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत अडकून पडला होता. त्या अनुभवांतून त्यानें १९२३ मध्यें ‘द घोस्ट ट्रेन’ हें नाटक लिहिलें. तें स्टेशन १९६६ सालीं बंद पडलें. नाटकाचे प्रयोग मात्र होतच राहिले.

कुर्डुवाडीस गाडी बदलणारा वारकरी, अडत्या, गिरणीकामगार व फडावरची कलावंतीण हीं पात्रें त्याहून कमी नाट्यमय नव्हेत. भारूड आणि कलापथक यांनीं एक धडा घालून दिला आहे: रंगभूमीला इमारत लागत नाहीं, सांगण्यासारखें कांहीं आणि ऐकणारे चारजण लागतात. ओसाड फलाट ही तर बांधून तयार असलेली रंगभूमीच होय. अरुंद रूळ उखडले गेले. त्यांवरून गेलेल्या माणसांची गोष्ट उखडली जाऊं नये, एवढें काम त्या गांवच्या नाट्यप्रेमी मंडळींच्या हातांत आहे. ज्यांनीं ती गाडी पाहिली ते आहेत, तोंवरच तें काम सोपें आहे.