पोवाड्यातली तलवार, लावणीतली नजर

आपल्या गाण्यांत माणूस दोन तऱ्हांनी मारला जातो. पोवाड्यात मरणाऱ्याला नाव असते, ठिकाण असते, साल असते. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. त्यावरचा अग्निदासाचा पोवाडा आजही अभ्यासला जातो. लावणीत मात्र कोणीच मरत नाही. नजरेचा तीर लागतो आणि घायाळ झालेला गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात हजर!

उत्तर पेशवाईतल्या सगनभाऊंनी लावण्याही रचल्या, पोवाडेही. शाहीर जेजुरीचे, जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावणाऱ्या या माणसाला खरे पाते कोणते आणि शब्दांतले कोणते, हे कोणी शिकवायला नको होते.

लहानपणी आमच्या गावी पोवाडा रंगायचा. खान पडला, की दोनचार माना माझ्याकडे वळत. मीही टाळ्या वाजवी. पण हात अवघडत. आज वाटते, पोवाडा विजापूरच्या एका सरदाराचा वध सांगतो, शेजारी बसलेल्या पोराचा नव्हे. हा फरक विसरला, की डफ वाजत राहतो. शाहिरी उरत नाही.